रोजच्या गाडीत रेसिंग हार्नेस लावावा का?

गाडीवेड्या पोरांच्या ग्रुपवर एक प्रश्न कायम फिरत असतो: आपल्या साध्या हॅचबॅकमध्ये चार पट्ट्यांचा रेसिंग हार्नेस बसवला तर चालतो का? लाल पट्टे, मध्ये गोल बकल, खांद्यांवर जाड पॅड. रीलमध्ये भारी दिसतं. शिवाय वाटतं, एका पट्ट्याने जीव वाचतो, तर चार पट्टे अजून चांगले.

थेट उत्तर आधीच देतो. रस्त्यावर कंपनीचा सीट बेल्टच लावायचा. हार्नेस ट्रॅकसाठी. आता का, ते बघू.

आपल्या गाडीतला तीन टोकांचा बेल्ट १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोलिनने आणला. दिसायला साधा, पण आजच्या गाडीत तो एकटा नसतो. धडक बसताच प्रीटेन्शनर क्षणात पट्टा आवळतो. मग पट्टा थोडा सैल सोडला जातो, म्हणजे बरगड्यांवर सगळा भार येत नाही. छाती जरा पुढे येते आणि समोर एअरबॅग तयार असते. हा सगळा हिशोब त्याच बेल्टवर बसवलेला आहे.

हार्नेस तुमचे खांदे सीटला जखडून टाकतो. धड हलत नाही, पण डोकं? ते पाच-एक किलोचं डोकं एकटंच पुढे फेकलं जातं आणि सगळा भार मानेवर येतो. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० शर्यतीच्या शेवटच्या लॅपमध्ये डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळला. सात वेळा नॅस्कारचा विजेता. कवटीच्या तळाचं हाड मोडून तो गेला. डोकं आणि मान धरून ठेवणारं 'हान्स' नावाचं साधन तेव्हा होतं, पण त्याने ते लावलेलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅस्कारने असं साधन सक्तीचं केलं. फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ पासून सक्तीचं आहे. हान्स हेल्मेटला जोडलेलं असतं. आता हेल्मेट घालून कोण कापूरबावडीला भाजी आणायला जाणार?

दुसरी गोष्ट, चार पट्टेवाला प्रकार. खांद्यांचे पट्टे घट्ट ओढले की ते कमरेचा पट्टा वर खेचतात. तो कमरेच्या हाडावरून सरकून पोटावर येतो. धडकेत शरीर त्याच्याखालून घसरतं आणि पट्टा आतड्यांत, लिव्हरमध्ये रुततो. म्हणून ट्रॅकवर पाच किंवा सहा पट्टे असतात. मांड्यांमधून जाणारा पट्टा कमरेचा पट्टा खाली धरून ठेवतो.

तिसरी गोष्ट, फिटिंग. खांद्यांचे पट्टे मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. एफआयएचा नियम सांगतो की सीटच्या वरच्या कडेपासून ते ४५ अंशांपेक्षा जास्त खाली उतरू नयेत, शक्यतो १० अंशांच्या आतच असावेत. बऱ्याच ठिकाणी मात्र ते मागच्या सीटच्या बेल्टच्या बोल्टला, थेट जमिनीत अडकवून देतात. पट्टा इतका तिरका उतरला की धडकेत तो खांदे खाली दाबतो आणि मणका चेपला जातो. पट्टे सीटलाच बांधायलाही एफआयएची मनाई आहे. नीट कोन हवा तर मागे हार्नेस बार किंवा रोल केज लागतो, पट्ट्यांसाठी भोकं असलेली सीट लागते. आणि केजचा उघडा पाइप बिनहेल्मेटच्या डोक्याजवळ आला की तोच घात करतो.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ म्हणतो, गाडीत दिलेले सीट बेल्ट चालकाने, पुढच्या आणि समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्या प्रवाशांनीही लावायचे. नाही लावला तर कलम १९४-बी, १००० रुपये दंड. केजसाठी मागची सीट काढली तर आरसीवरची आसनक्षमता आणि गाडी जुळत नाही, तिथे कलम ५२ येतं. बेकायदा बदलाला कलम १८२-ए खाली दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एमएच-०४ असो की एमएच-०५, स्पॅनर उचलायच्या आधी आपल्या आरटीओला लेखी विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

हार्नेस लावला की कंपनीच्या बेल्टचा अलार्म वाजत राहतो. मग लोक काय करतात? बकलमध्ये खोटी क्लिप खुपसतात. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा क्लिपच्या विक्रीवर कारवाई केली आणि ऑनलाइन दुकानांतून १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. घरी पडली असेल तर फेकून द्या.

खरंच ट्रॅकवर जायचं असेल, कोइंबतूर, चेन्नई किंवा ग्रेटर नोएडाला, तर सगळा संच घ्या: सहा पट्टे, योग्य सीट, केज, हेल्मेट, हान्स. पट्ट्यावर एफआयए ८८५३-२०१६ चं लेबल आणि मुदतीची तारीख बघा. हो, हार्नेसला एक्स्पायरी असते. लेबल नाही, तर तो नुसता शोभेचा पट्टा. आणि कंपनीचे बेल्ट काढू नका. ट्रॅकवरून घरी येताना तेच लावायचे आहेत.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. ४ सप्टेंबर २०२२. पालघर जिल्ह्यात, म्हणजे २०१४ पर्यंतच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागडी, एअरबॅग भरपूर. पुढचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते. तिथे रेसिंग हार्नेसची गरज नव्हती, सीटजवळ असलेला पट्टा लावायची होती.

तेव्हा आज गाडीत बसलात की मागे वळून बघा. मागच्या सीटची बकलं कव्हरखाली गाडली गेली आहेत का? तर आधी ती वर काढा. कमरेचा पट्टा पोटावर नाही, हाडावर आहे ना, तेही बघा. मागे आजी असो वा मित्र, चारही क्लिक ऐकू आले की मगच पहिला गिअर टाका. फुकटात एवढं मोठं मॉडिफिकेशन दुसरं नाही. भेटू पुढच्या भागात!