माळ्यावरचे ब्लूज

आज कोडिंग नाही, एआय नाही. आज भंगारात जाता जाता वाचलेल्या रेकॉर्ड्स.

तर झालं असं, की डोंबिवलीतली माझ्या मामाची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. मामा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता. जहाज लंडनला किंवा हॅम्बर्गला लागलं की सेकंडहँड दुकानांत पगार उडवायचा. त्या सगळ्या रेकॉर्ड्स माळ्यावर, गणपतीच्या मखरामागे, एकवीस वर्षं पडून. मामी म्हणाली, "भंगारवाला किलोवर घेतो म्हणतोय." मामा काहीच बोलला नाही. मी म्हटलं, मला दोन रविवार द्या.

84 निघाल्या. एकावर एक आडव्या रचल्यामुळे 11 वाकलेल्या, बाकीच्यांवर बुरशी. डोंबिवलीचे पावसाळे, दुसरं काय! डिस्टिल्ड वॉटर, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड घेऊन बसलो. खोबणीच्या दिशेने गोल पुसायचं, मधलं लेबल भिजवायचं नाही. तळाशी आजोबांच्या 78 आरपीएमच्या नाट्यगीतांच्या तबकड्या होत्या. त्या लाखेच्या, अल्कोहोलने विरघळतात. हिराबाई बडोदेकर थोडक्यात बचावल्या!

आणि मग एकेक कव्हर दिसायला लागलं. फ्लीटवुड मॅक म्हणजे माझ्यासाठी रील्समधला गोड पॉप बँड. मामाकडे त्यांची 1968 ची पहिली रेकॉर्ड आहे. तेव्हा तो पीटर ग्रीनचा अस्सल ब्लूज बँड होता. 'ब्लॅक मॅजिक वूमन' पण ग्रीनचंच. मी इतकी वर्षं ते सांतानाचं समजत होतो, आणि हॉस्टेलमध्ये त्यावरून भांडलोय सुद्धा.

सगळ्यात जास्त झिजलेलं कव्हर जॉन मेयॉलच्या 'ब्लूजब्रेकर्स'चं. 1966. फोटोत चौघं बसलेत आणि एरिक क्लॅप्टन चक्क 'बीनो' नावाचं मुलांचं कॉमिक वाचतोय. वय 21. स्टुडिओतही त्याने मार्शल अँप स्टेजवर असतो तितकाच मोठा ठेवला, म्हणून ती गिटार अशी फाटल्यासारखी, जाडसर वाजते. हेडफोनवर हे मी आधी ऐकलं होतं, पण छातीत नव्हतं जाणवलं.

प्लेअरचा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. नवा पट्टा आणि नवी सुई ऑनलाइन मागवली.

आता सुईबद्दल खरं सांगतो. ती आपोआप नव्हती गेली. मी दुसरीत असताना फिरत्या रेकॉर्डवर खेळण्यातली गाडी ठेवली होती. खर्रकन आवाज झाला, सुई वाकली. मी झाकण लावलं आणि खाली क्रिकेट खेळायला गेलो. नंतर कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी मामाला स्मार्ट स्पीकर दिला तो बहुतेक त्याच अपराधी भावनेतून. त्याने तो मोबाईल टेकवायला वापरला.

रविवारी 'ब्लूजब्रेकर्स' लावली. पहिल्याच गाण्यात टक… टक… टक. दर 1.8 सेकंदांनी. 33⅓ आरपीएमला एक फेरा बरोबर तेवढाच. म्हणजे एकच ओरखडा, आरपार.

मामा दारात उभा होता. म्हटलं, "मामा, ही टकटक माझी आहे. गाडी मी ठेवली होती."

"लाल होती," मामा म्हणाला. "तिचं चाक प्लेअरखाली सापडलं होतं मला."

मला काही सुचेना. पुढचं गाणं पण टकटकतच गेलं. बाजू संपल्यावर तो म्हणाला, "उलट आता. त्या बाजूला रॉबर्ट जॉन्सनचं आहे."

ते गाणं जॉन्सनने 1936 मध्ये टेक्ससला रेकॉर्ड केलं होतं. दोन वर्षांनी तो गेला, वय 27, माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान. इथे ते क्लॅप्टन गातो, जरा बिचकत. मामाला त्याचं ते बिचकणंच आवडतं म्हणे.

73 रेकॉर्ड्स आता माझ्या ठाण्याच्या खोलीत आहेत, उभ्या. वाकलेल्या 11 पण टाकू दिल्या नाहीत त्याने. पुढच्या रविवारी मामा येतोय, पीटर ग्रीन ऐकायला. माईक चालू ठेवू का विचारलं, तर म्हणाला, "गप्प बसणार असशील तर ठेव."