जबलपूरचा कवचधारी

काल्पनिक प्राणी रचण्याच्या खेळात एकजण पाय सुचवतो, दुसरा शेपूट जोडतो, आणि त्या प्राण्याची उत्क्रांती सर्वजण मिळून पुढे नेतात. आपल्या जबलपुरात हा खेळ नकळत घडून गेला आहे. बडा सिमला टेकडीच्या लॅमेटा थरांत मिळालेली कमरेची हाडे, नडगी व कवचाचे तुकडे एकत्र मांडून चार्ल्स मॅटली यांनी १९२३ साली ‘लॅमेटासॉरस’ हा कवचधारी डायनोसॉर उभा केला. १९३५ च्या सुमारास चक्रवर्ती यांनी शंका घेतली : हे अवशेष एकाच प्राण्याचे कशावरून? पुढे हाडे मांसाहारी डायनोसॉरची ठरली. कवच बहुधा लांब मानेच्या शाकाहारी प्राण्याचे. नर्मदाकाठी असा कवचधारी कधी वावरलाच नव्हता. तरीही मॅटलींना मी हसणार नाही. सारे तुकडे एकाच टेकडीत मिळाले होते.