स्पायडरमॅन आणि आपला वेताळ



विषय सांगितला तेव्हा कार्यवाहांनी तो दोनदा विचारून घेतला. मी अभ्यासक नाही, चाहता आहे. दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं तेव्हा पोहे गार होऊ देणाऱ्यांतला. ‘शक्तिमान’ 1997 साली आलं तेव्हा नोकरीला लागलो होतो, तरी पाहत होतो.

आपल्या घरांतून एक तक्रार नेहमी ऐकतो: मुलांना परके नायक हवेत, इथला विक्रम नको. पण इथला म्हणजे कुठला? अकराव्या शतकात सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात वेताळाला खांद्यावर घेणारा राजा उज्जयिनीचा नाहीच. तो त्रिविक्रमसेन, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा! पुढच्या परंपरेनं त्याला उज्जैनचा विक्रम केलं. रामानंद सागरांच्या मालिकेत अरुण गोविल विक्रम झाले, तोवर पैठण कुणाच्या ध्यानातही नव्हतं. आपले पूर्वज शिंद्यांबरोबर इकडे आले, त्याच्या कितीतरी आधी या गृहस्थानं गाव बदललं होतं.

तेव्हा नायकानं गाव बदलण्याला माझी हरकत नाही. माझी हरकत नुसता वेश बदलण्याला आहे. 2004 साली भारतीय स्पायडरमॅनचं कॉमिक निघालं. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, त्याला धोतर नेसवलं, आणि कोळी चावण्याऐवजी एका योग्याकडून शक्ती मिळवून दिली. कल्पना गमतीची, पण मला तो गणेशोत्सवातल्या वेशभूषा स्पर्धेतला मुलगा वाटला.

हाच पवित्र 2023 च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये आला आणि माझं मत बदललं. मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेल्या त्याच्या शहराचं नाव मुंबॅटन. पाहुणा माइल्स ‘चाय टी’ म्हणतो, तेव्हा हा वैतागतो. चाय म्हणजेच टी! तिथं मी टाळी वाजवली. पण खरी गोष्ट पुढे आहे. कोसळत्या शहरात माइल्स एका पोलीस अधिकाऱ्याला वाचवतो. तो पवित्रच्या मैत्रिणीचा बाप. मग त्याला सांगण्यात येतं की या माणसाचं मरण ठरलेलं होतं, तू ते टाळलंस, म्हणून हे सगळं विश्वच विरायला लागलंय. एकाला वाचवावं की सर्वांना?

हा प्रश्न वेताळाचा आहे. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, बोललास तर मी झाडावर परत. सामर्थ्य राजाकडे भरपूर असतं, पण तिथं त्याचा उपयोग नसतो. ज्या नायकाला असा प्रश्न पडत नाही, त्याचे चित्रपट मला दीड तासानंतर फटाक्यांच्या दुकानासारखे वाटतात. हल्ली तसेच फार येतात.

हा चित्रपट मराठीतही डब झाला होता. आम्हाला मात्र हिंदीतच मिळाला. बरोबर अकरा वर्षांचा भाचा होता. कथा ऐन मध्यावर थांबली, पुढचं पुढच्या भागात! तो चिडला. मी म्हटलं, “अरे, वेताळ झाडावर गेला.”

“कौन वेताळ, मामा?”

त्याच्या आईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. उज्जैनमध्ये वाढलेला मुलगा! स्कूटरवरूनच पहिली गोष्ट सुरू केली, मराठीतून. मध्ये ‘स्मशान’ म्हटलं ते त्याला कळलं, ‘प्रेत’ही कळलं, ‘शिंशपा’ला तो अडला. त्या झाडाला मराठीत शिसवी म्हणतात की शिसम, यावर मी आणि बहीण घरी पोहोचेपर्यंत भांडत होतो, आणि मागून तो विचारत होता, “पण राजा बोलला का?”