सुरगाणा मतदारसंघ कुठे गेला?

(कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण)



नवीन मतदार झालेली आपली पोरं विचारतात, तालुका सुरगाणा, मग आमदार कळवणचा कसा? त्याचा इतिहास आज आम्ही मांडतो.

सुरगाणा हे देशमुखांचं संस्थान होतं. 1948 ला ते मुंबई प्रांतात विलीन झालं. राज्यघटना आली आणि राजाला एक मत, आपल्यालाही एकच मत, असं झालं. पुढे सुरगाणा नावाचा विधानसभा मतदारसंघ झाला, आदिवासींसाठी राखीव. इथून 1978, 1980, 1985, 1990, 1999 आणि 2004 अशा सहा वेळा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जे. पी. गावित निवडून आले. जंगलजमिनीचा प्रश्न विधानसभेत न्यायला आपल्या तालुक्याच्या नावाची जागा होती.

मग 2001 च्या जनगणनेवरून मतदारसंघांची फेररचना झाली. 2008 ला नवा नकाशा लागू झाला. राज्यातल्या जागा 288 च राहिल्या. आदिवासी राखीव जागा 22 च्या 25 झाल्या. जागा वाढल्या, पण सुरगाण्याचं नाव पुसलं गेलं. 2009 पासून आपण कळवण मतदारसंघात मत टाकतो. कळवणचे आदिवासी आपलेच भाऊबंद आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. 2014 ला गावित कळवणमधूनच निवडून आले.

पण नकाशा ठरतो कशावर? माणसं मोजून. राखीव जागाही आदिवासींचं प्रमाण जास्त असेल तिथे देतात. आता 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे आले की जागांची फेरमांडणी होऊ शकते. मोजणीच्या दिवसांत आपली माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला असली तर? घराला कुलूप, आणि बागेतल्या झोपडीकडे कोणी फिरकलं नाही, तर आपण दोन्हीकडून सुटलो.

म्हणून तीन कामं करायची. कामाला गेलेल्यांची यादी पाड्यापाड्यात करून ठेवा, एकही माणूस मोजायचं राहू देऊ नका. प्रगणकाला जमातीचं नाव स्पष्ट सांगा: कोकणा, वारली, महादेव कोळी, जे असेल ते. आणि फेररचनेचा आराखडा निघाला की हरकती मागवतात, जाहीर सुनावणी होते. तिथे ग्रामसभेचा लेखी ठराव घेऊनच जायचं.

वनहक्काच्या दाव्याला आपण एकेक पुरावा गोळा केला, तसंच हे काम आहे. येत्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्यानं यादीसाठी दोन जणांची नावं ठरवावीत.

जोहार!