भिंतीला भोंक पाडण्यापूर्वीं



भिंतीवर जड वस्तु टांगण्याची चाल आपल्याकडे तशी अलीकडची आहे. जालन्यांत कुंडलिकेच्या कांठच्या जुन्या वस्तींत, किंवा अंबड, परतूर, भोकरदन या गांवीं जे जुने वाडे अजून उभे आहेत ते एकदां या दृष्टीनें पाहावे. त्यांच्या भिंती हात-दीड हात जाड, आणि भिंत रचतांनाच तिच्यांत कोनाडे, देवळ्या, फडताळें सोडलेलीं. दिवा कोनाड्यांत, देव देवळींत, भांडीं फडताळांत. म्हणजे वस्तु भिंतीवर नव्हे, भिंतीच्या पोटांत राहात असे. खुंटीला अडकवावयाची ती पगडी किंवा कंदील, आणि ती खुंटीहि गवंड्यानें थर चढवितांनाच बसविलेली. झोपाळ्यासारखी खरी ओझ्याची वस्तु तुळईच्या कड्यांना टांगलेली असे, भिंतीला नव्हे.

पुढें भिंती पातळ होत गेल्या आणि त्यांच्यावरचें ओझें वाढत गेलें. आज चार इंची आडभिंतीवर आपण पाण्याचा गीझर, स्वयंपाकघरांतलीं कपाटें, पाणी शुद्ध करण्याचें यंत्र, टेलिव्हिजन अशी सारी मिरवणूक चढवितों. हें ओझें पेलण्याचें काम आपण बोटाएवढ्या दोन-चार बोल्टांवर सोंपवितों, आणि दुकानदाराला विचारतों, "जरा मजबूत बोल्ट द्या." प्रश्न तेथेंच चुकतो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या गिरण्यांतून बांधकामाच्या सळया साऱ्या महाराष्ट्रांत जातात. पोलाद बळकट असतें हें जालनेकरांना सांगावयास नको. बोल्ट क्वचितच तुटतो. सुटतो तो भोंकांतून.

उदाहरणादाखल न्हाणीघरांतला २५ लिटरचा गीझर घेऊं. पाण्याचें वजन २५ किलो, टांकीचें दहाएक. एकूण ३५ किलोच्या आसपास. हें वजन भिंतीला चिकटून नसतें, त्याचा मध्य भिंतीपासून सुमारें २० सेंटिमीटर पुढें असतो. वरचे बोल्ट आणि खालीं टांकी जेथें भिंतीला टेकते ती जागा यांत ३० सेंटिमीटर अंतर धरलें, तर वरचे दोन बोल्ट मिळून २३ किलोंच्या जोरानें बाहेर ओढले जातात. शिवाय सारें वजन त्यांना खालीं दाबीत असतेंच. हा भार कांहीं फार नव्हे. चांगल्या विटेंत नीट बसविलेला साधा प्लगहि तो झेलील. तरी गीझर निखळतात, कारण प्लग विटेंत नसून गिलाव्यांत असतो, किंवा भोंक ऐसपैस झालेलें असतें, किंवा त्यांत धूळ भरलेली असते. खालीं मूल न्हात असतें ही गोष्ट बसविणाराच्या हिशेबांत नसते. ती घरच्या माणसानें हिशेबांत धरावयाची.

तेव्हां पहिला प्रश्न बोल्टाचा नव्हे, भिंतीचा. भिंत कशाची आहे हें बोटांनीं ठोकून थोडेंबहुत कळतें. पण खरी साक्ष भोंकांतून पडणारी भुकटी देते. प्रथम करडी-पांढरी भुकटी येईल ती गिलाव्याची. बारा-पंधरा मिलिमीटरनंतर ती लाल झाली तर भाजक्या विटेची भिंत. करडीच राहिली आणि बिट कष्टानें पुढें सरकूं लागलें तर काँक्रीट किंवा राखेची वीट. पिठासारखी पांढरी भुकटी पडून बिट लोण्यांत शिरावें तसें शिरलें, तर ज्याला गवंडी सिपोरेक्स म्हणतात तो हलका ब्लॉक. आणि काळसर माती पडूं लागली तर तेथेंच थांबावें. त्या भिंतीविषयीं पुढें बोलावयाचें आहे.

भिंतीला पकडण्याचे मार्ग मुख्यतः तीन. एक फुगून दाबण्याचा, दुसरा मागें अडकून बसण्याचा, तिसरा चिकटण्याचा. कोणी गिट्टी म्हणतात, कोणी रावलप्लग, ती वस्तु पहिल्या जातीची. रावलप्लग हें नांव जॉन रॉलिंग्ज या इंग्रज माणसाचें. १९११ च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें भिंतींची नासधूस न करतां विजेचीं उपकरणें बसवावयाचीं होतीं, त्या निमित्तानें त्यानें तागाच्या दोऱ्यांचा हा प्लग काढला. १९५८ सालीं आर्टुर फिशर या जर्मन कारागिरानें तो नायलॉनचा केला, आणि आज बाजारांत आहे तें बहुतेक त्याचेंच वंशज. स्क्रू आंत शिरला कीं प्लग फांकतो आणि भोंकाच्या कडांना दाबून बसतो; जें काय धरतें तें हें घर्षण. भोंक अर्ध्या मिलिमीटरनें मोठें झालें कीं घर्षण गेलें. म्हणून ८ चा प्लग असेल तर ८ चेंच बिट, आणि तेंहि झिजलेलें नव्हे. जुन्या भाजक्या विटेंत ड्रिलची ठोके देणारी कळ बंद ठेवून नुसत्या फिरण्यानें भोंक पाडावें. ठोक्यांनीं वीट आंतून कोरली जाते, आणि मग वायरमन त्यांत आगकाडीचे तुकडे कोंबूं लागतो. हा उपाय घड्याळापुरता ठीक आहे.

चार इंची भिंतीवर गीझरसारखी वस्तु टांगावयाची असेल, तर माझ्या मतें सर्वांत भरंवशाचा उपाय सर्वांत जुना आहे: बोल्ट आरपार न्यावा आणि पलीकडच्या बाजूस चांगली रुंद लोखंडी पट्टी घालून नट आवळावा. पलीकडच्या खोलींत ती पट्टी दिसते एवढाच त्याचा दोष. पोलादी अँकर फास्टनर मात्र विटेंत घालूं नये. तो काँक्रीटसाठीं केलेला; त्याच्या फुगण्यानें वीट दुभंगते, आणि आवळतांना जो घट्टपणा जाणवतो तो फुटत चाललेल्या विटेचा असतो. हलक्या ब्लॉकांना त्यांच्यासाठीं केलेले वेगळे, लांब व रुंद फांकणारे प्लग मिळतात; ते मागून घ्यावे.

न्हाणीघराच्या भिंतीवर टाइल असते, तेथें आणखी एक अडचण. टाइल कठीण असते पण ठिसूळ. तिच्यावर ड्रिलचा एकहि ठोका पडूं देऊं नये. खुणेच्या जागीं चिकटपट्टी लावावी म्हणजे बिट घसरत नाहीं. साध्या टाइलला भाल्यासारख्या टोंकाचें बिट पुरतें, परंतु व्हिट्रिफाइड टाइलला हिऱ्याच्या कणांचें बिट हवें, आणि तें पाण्यानें थंड ठेवीत, थांबत थांबत चालवावें. टाइल पार झाली कीं बिट बदलावें, आणि वीट किंवा काँक्रीट जसें असेल तसें पुढचें भोंक करावें. टाइल व तिच्यामागचा माल मिळून इंचभर जाडी होते. ही जाडी कांहींहि धरीत नाहीं. प्लग तिच्या पलीकडे पूर्ण जावयास हवा. तो टाइलींतच फांकला तर ती त्याच दिवशीं तडकेल, किंवा पहिल्या हिंवाळ्यांत, गीझर तापूं लागल्यावर. ठोकून पाहतां पोकळ वाजणारी टाइल आणि टाइलचा कांठ, दोन्ही वर्ज्य.

काम झाल्यावर टांकी भरावी, आणि पट्टीच्या कडेनें भिंतीवर पेन्सिलची बारीक रेघ ओढून ठेवावी. महिन्यानें पाहावें. पट्टी रेघेपासून केसभर जरी सरकली असेल तरी गीझर उतरवावा.

आतां काँक्रीट. कॉलम, बीम आणि स्लॅब यांत पोलादी अँकर आपल्या खऱ्या घरीं असतो. तो जोर लावून उपटला तर एकटा येत नाहीं. काँक्रीटचा शंकूसारखा तुकडा घेऊन येतो. शंकूचें टोंक अँकरच्या तळाशीं, पाया पृष्ठभागावर, आणि त्या पायाचा व्यास अँकरच्या खोलीच्या सुमारें तिप्पट. यावरून दोन गोष्टी निघतात. ६० मिलिमीटर खोलीचे दोन अँकर १८० मिलिमीटरहून जवळ आले तर ते एकाच काँक्रीटवर हक्क सांगतात. आणि कडेपासून ९० मिलिमीटरच्या आंत असले तर शंकु अपुरा राहातो, कडाच उडते. दुसरें असें कीं खोली दुप्पट केली तर काँक्रीटची पकड सुमारें पावणेतीन पट होते. जाड बोल्ट उथळ बसविण्यापेक्षां मध्यम बोल्ट खोल बसविणें शहाणपणाचें. भोंक अँकरहून सेंटिमीटरभर अधिक खोल घ्यावें, मग फुंकावें, ब्रशानें घासावें, पुन्हा फुंकावें. फुंकतांना तोंड बाजूला, डोळ्यांवर चष्मा, नाकावर फडकें. ही धूळ फुप्फुसांस वाईट.

काँक्रीटमध्यें सळया असतात. आपल्या मानकांप्रमाणें स्लॅबच्या सळईवर निदान २० मिलिमीटर आणि कॉलमच्या सळईवर बहुधा ४० मिलिमीटर काँक्रीटचें आवरण असतें; म्हणजे बिट थोडें आंत गेलें कीं गांठ पडण्याचा संभव आहेच. बिट एकदम अडलें आणि चकाकणारा कीस दिसला तर नेटानें पुढें जाऊं नये. भोंकाच्या खोलीच्या दुप्पट अंतरावर दुसरें भोंक घ्यावें, पहिलें चांगल्या मालानें बुजवावें. कॉलमची सळई कापून त्यावर टेलिव्हिजन टांगणारे लोक आहेत. भिंतींत सळईखेरीज विजेची तारहि असूं शकते: स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खालीं कधींहि ड्रिल लावूं नये.

चिकटण्याचा तिसरा मार्ग म्हणजे केमिकल अँकर. भोंकांत राळेसारखा पदार्थ भरून त्यांत सळई रोंवतात. उत्तम वस्तु आहे, पण ती भोंकाच्या स्वच्छतेवर आणि माणसाच्या सचोटीवर सर्वस्वीं अवलंबून. छताला सतत लटकणाऱ्या वजनाचा तर प्रश्नच निराळा. अमेरिकेंत बोस्टन येथें जुलै २००६ मध्यें बोगद्याच्या छतास अशा अँकरांनीं टांगलेल्या काँक्रीटच्या जड फळ्या मोटारीवर कोसळून एक स्त्री ठार झाली. वापरलेला चिकट पदार्थ सततच्या ओढीखालीं हळूहळू ताणला जाणारा होता. जपानांत २ डिसेंबर २०१२ रोजीं सासागो बोगद्यांत तशाच रीतीनें टांगलेल्या फळ्या पडून ९ माणसें गेलीं. तो बोगदा १९७७ पासून वापरांत होता. पंख्यासाठीं स्लॅब ओततांना सोडलेला हूक असेल तोच वापरावा. घर बांधणारांनीं तो विसरूं नये.

राहिली काळसर मातीची भिंत. दगड आणि मातीची ही भिंत मराठवाड्यांत पुष्कळ ठिकाणीं अशी असते: बाहेर दगडांचा एक पडदा, आंत एक, मध्यें माती आणि खडे. दोन्ही पडद्यांस जोडणारे लांब दगड पुष्कळदां नसतातच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत अशा भिंतींचे पडदे सुटे झाले, वरचीं जड माळवदें खालीं आलीं, आणि सुमारें १०,००० माणसें मेलीं. उरलेल्या घरांसाठीं अभियंत्यांनीं जी युक्ति सांगितली ती एक प्रकारचा अँकरच आहे. हातभर अंतरांवर नव्हे, मीटरभर अंतरांवर एकेक दगड लहान पहारीनें हळूच हलवून काढावयाचा; त्यामागची माती थोडी थोडी उकरीत पलीकडच्या तोंडापर्यंत सुमारें ७५ मिलिमीटरचें भोंक न्यावयाचें, दोन्ही तोंडांशीं अधिक रुंद व मध्यें निमुळतें; अर्धें काँक्रीट भरून दोन्ही टोंकांस आंकडे वळविलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवावयाची, आणि वर पुन्हा काँक्रीट भरून दहा दिवस पाणी मारावयाचें. डमरूसारखा तो तुकडा दोन्ही पडद्यांना कवटाळून धरतो. या साऱ्या कृतींत ठोका नाहीं, कारण ठोक्यानें शेजारचे दगडहि सैल होतात.

अशा वाड्यांत राहाणारांनीं त्या भिंतीस ड्रिल लावूंच नये. प्लग तेथें फार तर एका दगडास धरील, आणि तो दगड स्वतः मातींत बसलेला. गीझर हवाच असेल तर लोखंडी अँगलची घोडी करवून घ्यावी. तिचे चारहि पाय फरशीवर टेकूं द्यावे, वरचें टोंक लांकडी खांबाला पट्ट्यानें बांधावें, आणि टांकी त्या घोडीस लावावी.