शारदेचा नकार कोणी ऐकला?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात नाट्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने केलेले भाषण)



मी नाट्यशास्त्र शिकते. संगीत नाटक आम्हाला अभ्यासाला आहे, म्हणून वर्गातल्या आम्ही सगळ्याजणी 'संगीत शारदा'चा प्रयोग पाहायला गेलो. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक १८९९ सालचे. गोष्ट तुमच्यापैकी अनेकींना ठाऊक असेल. पंचाहत्तरीचा श्रीमंत भुजंगनाथ, पैशाला हपापलेला बाप कांचनभट, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित आणि या तिघांच्या सौद्यातली पोर, शारदा.

शारदा आपली भीती गाऊ लागली तेव्हा प्रेक्षागृह चिडीचूप झाले. गाणे संपले आणि 'वन्स मोअर' आला. म्हणजे त्या पोरीने पुन्हा एकदा घाबरायचे! मला आधी रागच आला. मग वाटले, गाणे चालू आहे तेवढा वेळ तिला मध्येच कोणी गप्प बसवत नाही. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर ओवीतून जे बोलल्या, ते चारचौघांत बोलू शकल्या असत्या का? पण शारदेचे गाणे आपण प्रेक्षक ऐकतो, तिचा बाप ऐकत नाही. शिवाय किर्लोस्कर मंडळीने हे नाटक आणले तेव्हा शारदेचे काम करणाराही पुरुषच होता. देवलांची कळकळ खरी, पण बाईचे दुःख लिहिणारा पुरुष आणि गाणाराही पुरुष.

माझ्या मनात घर करून राहिला तो लग्न मोडण्याचा प्रसंग. ते कशाने मोडते? नवरा म्हातारा आहे म्हणून नाही. मुलीला नको आहे म्हणून तर नाहीच. वर आणि वधू एकाच गोत्राचे निघतात, म्हणून मोडते. शारदेचा नकार कोणी विचारात घेतच नाही. लग्न मोडल्यावर ती जीव द्यायला निघते, कोदंड तिला वाचवतो आणि तिच्याशी लग्न करतो.

तो काळ वेगळा होता, असे आपण म्हणू. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा आला. त्याला 'शारदा कायदा' म्हणतात, पण ते नाव नाटकावरून नाही, विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडांवरून पडले. मुलीचे वय तेव्हा १४ ठरले, १९७८ मध्ये ते १८ झाले, २००६ मध्ये नवा कायदा झाला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळजवळ २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली दिसली.

आज कोणी १०९८ वर कळवले की ग्रामसेवक, पोलीस येतात आणि जन्मदाखला मागतात. वय कमी निघाले की लग्न थांबते. हे हवेच. पण गोत्राच्या जागी दाखला आला, मुलीला कोणी विचारले का? अठरा पूर्ण होताच त्याच मांडवात, त्याच मुलाशी तिला उभी केली तर दाखला काय करणार?

२००६ च्या कायद्यात तिच्या नकाराला एक जागा आहे. कलम ३ प्रमाणे, लहानपणी लग्न लावून दिलेली मुलगी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत, न्यायालयात जाऊन ते लग्न रद्द करून मागू शकते. आपल्या वस्तीतल्या किती मुलींना हे ठाऊक आहे?

म्हणून माझे मागणे एवढेच. लग्न थांबवायला जाल तेव्हा दाखला जरूर पाहा, पण आधी त्या मुलीला बाजूला घेऊन बसा. तिला काय हवे ते विचारा, ती बोलेपर्यंत थांबा. आणि लग्न थांबल्यावरही तिच्या घरी जात राहा. तिला वाचवणारा कोदंड शोधून देणे हे आपले काम नाही. तिचे 'नको' तिच्याच तोंडून निघावे आणि समोरच्याला ते ऐकावेच लागावे, एवढे बळ तिच्या पाठीशी उभे करणे हे आपले काम आहे.