लग्नाचा कायदा आणि मतांची धास्ती

(विहाराच्या वर्धापनदिनी शिवमंदिर, अंबरनाथ येथे दिलेले भाषण)



समितीने मला सांगितलं, थोडा वेळ बोला, विषय तुमचा तुम्ही निवडा. मी गिरणीत पाळी करणारा माणूस. शाळा अर्धवट सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या सभांत आणि मोर्चांत शिकलो. म्हणून पुस्तकी बोलणार नाही. माझा प्रश्न सरळ आहे. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना एकमेकांशी कायद्याने लग्न करता यावं, असं एखादा पुढारी उघड म्हणाला, तर त्याची मतं जातात का?

विषय ऐकून मागच्या रांगेत थोडं हसू पिकलं. पिकू द्या. हसून झालं की ऐका. हा विषय लग्नाचा आहे तितकाच मतदाराचा, म्हणजे तुमचा-माझा आहे.

आधी कायदा काय आहे ते बघू. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधला जाचक भाग काढून टाकला. दोन सज्ञान माणसांचे आपखुशीचे समलिंगी संबंध तेव्हापासून गुन्हा राहिले नाहीत. पुढे काही जोडपी लग्नाचा हक्क मागायला त्याच न्यायालयात गेली. 17 ऑक्टोबर 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला, की लग्न हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असा कायदा करणं हे संसदेचं काम. जानेवारी 2025 मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे चेंडू आला खासदारांच्या अंगणात, आणि खासदार निवडून देतो आपण.

आता खासदाराला विचारा. तो म्हणेल, "वैयक्तिक माझा विरोध नाही हो, पण लोक तयार नाहीत. मतं जातील." हे 'लोक' म्हणजे कोण? आपणच. आपल्या नावावर हे बिल फाडलं जातं आणि आपल्याला कोणी विचारत नाही. म्हणून मी दाखला शोधायला गेलो. तो आपल्या महाराष्ट्रातच सापडला.

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 1 एप्रिल 2022 रोजी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं. 1954 चा विशेष विवाह कायदा दुरुस्त करावा आणि समलिंगी जोडप्यांना त्याखाली लग्न करता यावं, असं ते विधेयक. दोघे पुरुष असतील तर वय 21, दोघी स्त्रिया असतील तर 18, इथपर्यंत त्यात लिहिलेलं होतं. त्याआधी 2020 साली त्यांच्या पक्षाने महाराष्ट्रात या समाजासाठी वेगळा कक्षही काढला होता.

विशेष विवाह कायदा म्हणजे आपलं रजिस्टर लग्न. जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न केलेल्या आपल्या किती मुला-मुलींना याच कायद्याने आधार दिला, ते या मंडपात बसलेल्यांना सांगायला नको. बाईंची मागणी एवढीच होती, की त्याच दारातून आणखी काही माणसांना आत घ्या.

विधेयकाचं काय झालं? चर्चेला आलंच नाही. 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली तसं तेही संपलं. पण मतांचं काय झालं? 2019 मध्ये सुळे बारामतीतून सुमारे 1 लाख 55 हजारांच्या फरकाने निवडून आल्या होत्या. 2024 मध्ये पक्ष फुटलेला, घड्याळ चिन्ह गेलेलं, समोर घरातलीच भावजय उभी. तरी फरक सुमारे 1 लाख 58 हजारांचा. त्या निवडणुकीत लोक बोलले ते नणंद-भावजयीवर, कांद्यावर, पाण्यावर, पक्ष कोणाचा यावर. त्या विधेयकाने मत गेल्याची खूण आकड्यात तर दिसत नाही.

कोणी म्हणेल, बारामती पवारांचा बालेकिल्ला, तिथलं सगळीकडे कसं लागू होईल? बरोबर आहे. एका मतदारसंघावरून सिद्धांत काढू नये. मग केरळात चला. तिरुवनंतपुरमचे खासदार शशी थरूर यांनी डिसेंबर 2015 मध्ये कलम 377 बदलण्यासाठी विधेयक मांडायची परवानगी मागितली. परवानगीच नाकारली. विरोधात 71, बाजूने 24. साडेपाचशेच्या सभागृहात शंभर माणसंही मत द्यायला नव्हती! मार्च 2016 मध्ये पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हरले. पण मतदारांनी त्यांना 2019 मध्ये सुमारे एक लाखाच्या फरकाने निवडून दिलं. 2024 मध्ये फरक सोळा हजारांवर आला, पण निवडून आलेच. फरक वाढला-घटला त्याला तिथल्या लढतीची वेगळी कारणं होती.

2024 च्या जाहीरनाम्यात काँग्रेसने सल्लामसलत करून समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देणारा कायदा आणू, असं लिहिलं होतं. त्यांच्या जागा 52 वरून 99 झाल्या. त्या ओळीमुळे झाल्या असं मी म्हणणार नाही. पण त्या ओळीने बुडाले असंही कोणी म्हणू शकत नाही.

बंधू-भगिनींनो, मतांच्या धास्तीने लग्नाचा कायदा अडवणं ही गोष्ट आपल्याला नवी नाही. हिंदू कोड बिल आठवा. बाईला घटस्फोटाचा हक्क, वारसाहक्क, एकपत्नीत्वाचं बंधन. बाबासाहेबांनी त्यासाठी रक्ताचं पाणी केलं. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली आणि सत्ताधारी पक्षातच पाय लटपटले. बिल गुंडाळून ठेवलं. बाबासाहेबांनी 27 सप्टेंबर 1951 रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कारणं आणखीही होती, पण बिलाची ही गत हे त्यातलं मोठं कारण.

आता त्याच निवडणुकीत काय घडलं बघा. अलाहाबादकडे पंडित नेहरूंच्या विरोधात प्रभुदत्त ब्रह्मचारी नावाचे साधू उभे राहिले. त्यांचा मुद्दा एकच, हिंदू कोड बिल नको. नेहरू प्रचंड मतांनी निवडून आले. ज्या धास्तीने बिल थांबवलं, ती धास्ती मतपेटीत फोल ठरली. पुढे 1955-56 मध्ये तेच बिल तुकड्या-तुकड्यांनी मंजूर झालं. आज त्यावर कोणी मत मागत नाही की कोणाचं मत जात नाही.

आणि बाबासाहेब? ते 1952 मध्ये मुंबईत नारायण काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. काही लोक म्हणतात, बिलामुळे हरले. मला ते पटत नाही. दोन जागांचा मतदारसंघ, काँग्रेसची लाट, हजारोंनी बाद ठरलेल्या मतपत्रिका, अशी बरीच कारणं होती. पण समजा बिलामुळे काही मतं गेली असतील. तरी पुढारी कशाला म्हणायचं, याचं उत्तर त्यांनी देऊन ठेवलं.

आणखी एक गोष्ट. 1934 साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. समलिंगी संबंधांसारख्या विषयांवर वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी उत्तरं दिली, हा त्यांचा गुन्हा. त्यांचं वकीलपत्र घेतलं बॅरिस्टर आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. ज्या विषयाला लोक नाक मुरडत होते, तिथे आपला बाप नव्वद वर्षांपूर्वी काळा कोट घालून उभा होता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मतं कधी जातच नाहीत असं नाही. विरोधक हाच एक मुद्दा लावून धरतात तेव्हा फटका बसतो. अमेरिकेत आयोवा राज्यात समलिंगी विवाहाच्या बाजूने निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींना 2010 मध्ये लोकांनी मतदानाने घरी बसवलं. तैवानमध्ये नोव्हेंबर 2018 च्या जनमतात बहुसंख्य लोक अशा लग्नाच्या विरोधात गेले. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वेन यांचा पक्ष स्थानिक निवडणुकांत आपटला. तरी मे 2019 मध्ये त्यांनी कायदा केला, आणि जानेवारी 2020 मध्ये 57 टक्के मतं घेऊन पुन्हा निवडून आल्या. तोवर लोकांपुढे चीनचा प्रश्न मोठा झाला होता. माणूस मत देताना दहा गोष्टी तोलतो, हा त्यातला धडा.

बौद्ध देशाचं उदाहरण हवं असेल तर थायलंड घ्या. 2023 च्या निवडणुकीत तिथल्या मोठ्या पक्षांनी उघड आश्वासन दिलं. मार्च 2024 मध्ये तिथल्या लोकसभेत 400 मतं बाजूने, 10 विरोधात. 23 जानेवारी 2025 पासून कायदा लागू झाला.

आपल्या केंद्र सरकारने 2023 मध्ये न्यायालयात सांगितलं, की हा शहरातल्या उच्चभ्रूंचा विचार आहे. मी चाळीत वाढलेला कामगार. मी म्हणतो, चाळीत या, बघा. 1988 च्या सुमारास मध्य प्रदेशात दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं आणि नोकरी गमावली. शिपाई होत्या त्या, उच्चभ्रू नव्हत्या. पैसेवाल्याचा मुलगा परदेशात जाऊन राहतो. आपल्या मुलाने कुठे जायचं? आपण त्याला बळंच बोहल्यावर चढवतो. मग दुसऱ्याच्या लेकीचा जन्म वाया जातो. तिला माहेरी सांगता येत नाही, सासरी सांगता येत नाही. मतांच्या धास्तीची खरी किंमत ही पोरं भरतात, पुढारी भरत नाहीत.

आणि लोक खरंच इतके विरोधात आहेत का? अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने 2023 मध्ये भारतात पाहणी केली. 53 टक्के लोक अशा लग्नाला कायद्याची मान्यता द्यावी म्हणाले, 43 टक्के नको म्हणाले. पाहणी म्हणजे मतपेटी नव्हे, हे मलाही कळतं. पण 'लोक तयार नाहीत' हे डोळे झाकून बोलायचे दिवस गेले.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. उमेदवार गल्लीत येईल तेव्हा पाण्याचं, गटाराचं, रस्त्याचं विचाराच. विधानसभेचा असो वा लोकसभेचा, त्यालाही विचाराच. त्यासोबत हाही एक प्रश्न टाका. तो 'लोक काय म्हणतील' म्हणाला, तर शांतपणे सांगा, "साहेब, लोक आम्हीच आहोत. आमच्या नावावर घाबरू नका. तुमचं मत काय ते बोला." आणि जो धीराने बोलेल, त्याचं मत तुम्हाला पटो न पटो, तेवढ्या एका कारणासाठी त्याला पाडू नका.

मतदार इतका मोठ्या मनाचा झाला, तर पुढाऱ्याला लपायला जागा उरणार नाही.